माय कुणाकडं बघते

माझ्या भावजयीचे डोळे सुंदर आहेत. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला ऐकवायला नको. गेली अठरा वर्षं मी ते ऐकतेच आहे. मुलगी बघून घरी आल्या आल्या, पायातली चप्पल काढायच्या आत, मायनं जाहीर केलं होतं, "नाकाडोळ्यानं लय देखणी हाय. डोळे तर असे, की बघत बसावं." मी तेव्हा माहेरी आले होते आणि ओसरीवर भाजी निवडत होते. बघत बसावं असं माझ्या डोळ्यांत काही नाही. ते वडलांवर गेलेत. बारीक, आत गेलेले, आणि सहावीपासून वर चष्मा.

मी शाळेत विज्ञान शिकवते, पूर्णेला. नवरा रेल्वेत, म्हणून पूर्णा. दहावीला डोळा शिकवायचा असतो. तो मी इतक्यांदा फळ्यावर काढलाय की खडू न उचलता एका दमात गोल येतो. त्यामुळं भावजयीच्या डोळ्यांबद्दल माझं मत लग्नाच्या आधीच पक्कं होतं. मी मायला समजावून सांगितलं की डोळा सगळ्या माणसांचा सारखाच असतो, मोठ्या बोराएवढा. कवटीच्या खोबणीत, चरबीच्या गादीवर बसलेला. बाहेर दिसतो तो त्याचा जरासा तुकडा. कुणाच्या पापण्यांमधली फट रुंद असते, कुणाची अरुंद. रुंद असली की लोक म्हणतात डोळे मोठे. त्यात त्या मुलीचं कर्तृत्व काय?

माय म्हणाली, "मग तुझी फट बारीक हाय म्हण की."

तर अशी माझी माय. वालूरला माझ्या धाकट्या भावाचं कापडाचं दुकान आहे, वडील गेल्यापासून ती त्याच्याकडेच असते. बोलायला फटकळ, पण बघायला मऊ. तिचं सगळं प्रेम बघण्यातच होतं. जवळ घेणं, गालावरून हात फिरवणं तिला जमलं नाही. ती नुसती बघायची, आणि आपण बरोबर आहोत की चूक, हे तेवढ्यानं कळायचं.

लहानपणी ती घरीच काजळ धरायची. एरंडेलाचा दिवा, त्यावर पितळी ताट पालथं, खाली जमलेली काजळी खरवडून तुपात मळायची आणि चांदीच्या एका डबीत भरून ठेवायची. सकाळी वेणी झाली की माझी हनुवटी डाव्या हातात घ्यायची, खालची पापणी अंगठ्यानं ओढायची आणि म्हणायची, "वर बघ." वर कसली बघतेय मी! मी तिच्याकडे बघायचे. तिचं तोंड दोन बोटांवर आलेलं असायचं आणि तिच्या बाहुलीत माझं इवलंसं डोकं दिसायचं. रांजणवाडी झाली की आपलं बोट तळहातावर घासून गरम करायची आणि सुजलेल्या पापणीवर टेकवायची. त्या गाठीनं ठणका लागायचा, पण ती लवकर बरी होऊ नये असं मला वाटायचं.

ती काजळाची डबी तिनं भावजयीला दिली. पहिल्या संक्रांतीला, माझ्यासमोर. मी बघतच राहिले, तर म्हणाली, "तुला चष्मा हाय. काजळ लावून कुणाला दाखवायचंय?" सगळे हसले, मीही हसले. संध्याकाळी सेलूहून गाडीत बसले आणि मग रडू आलं. अश्रूंची गाठ भुवईच्या हाडाखाली बाहेरच्या बाजूला असते. पाणी डोळ्यावरून वाहत आतल्या कोपऱ्याला येतं आणि तिथल्या दोन बारक्या भोकांतून नाकात उतरतं. मुलांना मी हे सांगते तेव्हा मुलं विचारतात, म्हणून का म्याडम रडताना शेंबूड येतो? म्हणूनच. पेडगाव स्टेशन मागं जाईपर्यंत मी नाकच पुसत होते.

एवढ्याशा डबीसाठी, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ती ज्याची असते त्यालाच कळतं.

भावजय वाईट आहे असं मी म्हणत नाही. वाईट असती तर किती सोपं झालं असतं! ती मला "आक्का, आक्का" म्हणते, मी गेले की तांब्या घेऊन पुढं येते, शरणार्थ म्हणत वाकून नमस्कार करते. माय रागावली तर खाली बघते. मी अठरा वर्षं तिच्यात खोट शोधतेय. भाजीत मीठ जरा जास्त घालते, एवढीच सापडली.

गेल्या साली दिवाळीनंतर मी गेले तेव्हा माय तांदूळ निवडत होती आणि खडे तांदळात राहत होते. मी तिची हनुवटी धरली आणि तोंड दाराच्या उजेडाकडं वळवलं. दोन्ही बाहुल्या राखेच्या रंगाच्या. बाहुली म्हणजे खरं तर भोक, आतला अंधार दिसतो म्हणून ती काळी. तिच्या मागचं भिंग गढूळ झालं की तिथं पांढुरकं दिसायला लागतं. मोतीबिंदू. मला तो ओसरीवरच कळला आणि रोज एका घरात राहून कुणाला कळला नाही, याचा मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

मी भावाला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "आक्का, लगीनसराई होऊ दे, मंग बघू." माय म्हणाली, "आता काय बघायचं ऱ्हायलंय माझं?" मी दोघांना गप्प केलं. मी शास्त्राची बाई आहे, डोळा मला शिकवू नका, ऑपरेशन केलं की महिन्याभरात ही सुई ओवेल. परभणीला मी घेऊन गेले, मी बसून राहिले, दोन्ही डोळे मी करवून आणले. नंतर दिवसातून चार वेळा थेंब घालायचं काम भावजयीनं केलं. पण थेंब काय, कुणीही घालतं.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा माय म्हणाली, "बाई गं, किती उजेड हाय!" तिनं माझ्या साडीचा रंग सांगितला. मी अशी फुगले की शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. निघताना डॉक्टर म्हणाले होते की महिन्यानं एकदा आतला पडदा तपासायला आणा. मी मान हलवली. पूर्णेला पोचेपर्यंत विसरलेही.

त्यानंतर मी दर एक-दोन रविवारी वालूरला जायला लागले. सकाळी गाडीनं सेलू, तिथून जीप, आणि संध्याकाळी परत. मी करवून आणलेल्या त्या डोळ्यांनी मायनं मला बघावं, एवढीच माझी अपेक्षा होती. आणि माय मला बघेना.

सैपाकघराला लागून मायची खाट आहे. मी खाटेसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि बोलायला लागायचे. शाळेचं, नवऱ्याचं, लेकीच्या कॉलेजचं. माय हूं हूं म्हणायची, योग्य ठिकाणी हसायचीही, पण नजर माझ्या उजव्या खांद्यावरून मागं. आणि माझ्या उजव्या खांद्यामागं कोण? भावजय! मी आले की ती हातातलं काम टाकून तिथं येऊन उभी राहायची, दाराच्या चौकटीला टेकून, पदराला हात पुसत. माय-लेकी दोन शब्द बोलतायत तर जरा बाजूला व्हावं, एवढीही रीत नाही. आणि माय बोलत होती माझ्याशी, बघत होती तिच्याकडं.

एकदा होतं, दोनदा होतं. मी मोजायला लागले. डोळा फिरवायला सहा स्नायू असतात, चार सरळ आणि दोन तिरपे, आणि ते आपल्या इच्छेनं चालतात. हृदयासारखे आपोआप नाही. म्हणजे माणूस जिकडं बघतो तिकडं त्याला बघायचं असतं म्हणून बघतो. मायचे सहाच्या सहा स्नायू तिला सुनेकडं ओढत होते, आणि हे मला पुस्तकानिशी सिद्ध करता येत होतं.

एका रविवारी भावजय दुकानात गेली होती. म्हटलं, आज तरी. मी खुर्ची पुढं ओढली, गुडघ्याला गुडघा लावून बसले. माय माझ्या खांद्यावरून रिकाम्या चौकटीकडंच बघत राहिली. म्हणजे नसली तरी तिचीच वाट! तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, "कुणाची वाट बघायलीस?"

"कुणाची न्हाई. तू बोल की. लय दमल्यावाणी दिसायलीस."

बघितल्याशिवायच! मला वाटलं, आवाजावरून ठोकून देतेय.

आणि त्या टिकल्या. खाटेसमोरच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या उंचीला, तांबड्या मोठ्या टिकल्या चिकटवलेल्या. एक इथं, एक वीतभर बाजूला, दोन खाली. बायका आंघोळीआधी कपाळावरची टिकली आरशाला लावतात, नळाला लावतात, ते एक वेळ समजतं. पण चांगल्या रंगवलेल्या भिंतीला? मी नखानं एकेक टिकली खरवडून काढली, बोटाला चिकटलेल्या केरात झटकल्या आणि भावजयीला ऐकू जाईल असं म्हणाले, "घर आहे का टिकल्यांचं दुकान?"

पुढच्या खेपेला टिकल्या पुन्हा होत्या, त्याच जागी. मी पुन्हा काढल्या. असं तीनदा झालं. मी तिच्या निगरगट्टपणाची गोष्ट नवऱ्याला दोन वेळा सांगितली. तो म्हणाला, "तुला भिंतीचं दुखणं हाय का भावजयीचं?" मी त्याला त्या दिवशी चहा उशिरा दिला.

मग या दिवाळीत मी चार दिवस राहायला गेले. एरवी सकाळी जाऊन संध्याकाळी परत, त्यामुळं ऑपरेशनपासून मायची सकाळची पूजा मी बघितली नव्हती. आम्ही लिंगायत. गळ्यातल्या चांदीच्या पेटीत आमचा देव असतो, इष्टलिंग. आंघोळ करून कपाळाला भस्म लावायचं, लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, भस्म, बेलपान, आणि मग बघायचं. आमच्या पूजेत हे बघणंच मुख्य. लिंग काळं, गुळगुळीत. दिव्याचा ठिपका त्यावर चमकतो, त्या ठिपक्यावर नजर धरायची. मी सात-आठ वर्षांची असताना मायनं मला मांडीजवळ बसवून शिकवलं होतं, "डोळा हलवायचा न्हाई. तू त्याच्याकडं बघतीस, तो तुझ्याकडं बघतो. नजर हलली की पूजा मोडली." माझ्यानं कधी ते दहा अंकांपलीकडं झालं नाही. ती पाऊण तास बसायची आणि पापणीसुद्धा जपून मिटायची.

दिवाळीतल्या त्या सकाळी माय खाटेजवळ आसनावर बसली होती. डाव्या तळहातावर लिंग, पुढं समई. तिच्या डाव्या अंगाला सैपाकघराचं दार, आणि दारातून दिसत होती भाकरी थापणारी भावजय. मी चहाचा कप घेऊन उंबऱ्याशी आले आणि थबकले. मायची नजर लिंगावर नव्हती. तळहात ओलांडून, डावीकडं, सरळ सैपाकघरात. हातात शिव आणि डोळे सुनेवर! मी जागच्या जागी उभी राहिले, चहावर साय धरली. माय हलली नाही, तिची नजरही हलली नाही. एकटक, जशी ती मला शिकवायची तशी, पण भावजयीकडं.

माझ्याकडं नको बघू, हे मी गिळलं होतं. पण हे माझ्यानं गिळवेना. पूजेत कुणी बोलत नाही आमच्यात. मी बोलले. आणि हळूही बोलले नाही.

"माय, मी तर तुला दिसत न्हाईच. आता देवाकडं तरी बघ! का त्याच्या जागी बी हिलाच बसवलीस?"

भाकरी थापायचा आवाज थांबला. माय दचकली नाही. तिनं डोळे तिथंच ठेवले आणि म्हणाली, "त्याच्याकडंच बघायलेय."

"खोटं! तू तिकडं बघायलीस. मला डोळे न्हाईत का?"

"सरळ बघितलं की त्यो दिसत न्हाई, बाई. बाजूला बघितलं की दिसतो." मग अगदी साध्या आवाजात, "तुला बी तसंच बघतेय की. साल व्हायला आलं."

मला काही कळलं नाही. मी भावजयीकडं बघितलं. ती पिठाच्या हातानं दारात आली होती आणि मायकडं बघत होती, सांगू का, अशा अर्थानं. मायनं आधी पूजा पुरी केली. लिंग डोळ्यांना टेकवलं, पेटीत ठेवलं, पेटी पदराआड घेतली. मग म्हणाली, "सांग आता तिला. न्हाईतर ती मला उद्या येरवाळीच परभणीला नेऊन तपासून आणल."

मग भावजयीनं सांगितलं. ऑपरेशननंतर उजेड आला, रंग आले, कडेचं सगळं आलं, पण मधलं आलं नाही. ज्याच्याकडं बघावं तिथंच धुराचा गोळा. मायला वाटलं नवे डोळे आहेत, बसतील. एका सकाळी पूजेला बसली, पेटीतून लिंग तळहातावर घेतलं, बघितलं, आणि तळहात रिकामा दिसला. आमच्यात लिंग हरवणं म्हणजे काय, ते आमच्यातल्यालाच कळेल. जुनी माणसं म्हणायची, लिंग गेलं तर माणसानं जगू नये. मायनं हाक मारली ती भावजयीला. "आत्याबाई मला म्हणल्या," भावजय म्हणाली, "माझ्या हातात हाय का गं? हाताला लागायलंय, पण दिसंना." भावजयीनं मायचा हात खालून धरला आणि म्हणाली, हाय, आत्याबाई, हाय, हितंच हाय.

दुसऱ्या दिवशी ती मायला परभणीला घेऊन गेली. डॉक्टरांनी चौकटी-चौकटींचा कागद दाखवला, तर मायला मधल्या चौकटी वितळल्यासारख्या दिसल्या. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जिथं नजर नेमकी पडते ती जागा झिजली होती. मोतीबिंदूच्या आड ते आधीचंच होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं येणार नाही, पण कडेची नजर राहील. तिच्यानं बघायला शिका. ज्याला बघायचं त्याच्या जरा बाजूला बघा, म्हणजे ते दिसेल.

ती जागा मला माहीत आहे. पीतबिंदू. दरवर्षी डोळा काढून झाला की मी शेवटी पिवळा खडू घेते आणि आतल्या बाजूला एक टिंब देते. मुलं विचारतात, म्याडम, हे पेपरात येतं का? मी म्हणते, येतं, एका मार्काला. ते टिंब माझ्या मायच्या डोळ्यातून पुसलं गेलं होतं, आणि तिच्यापुढं गुडघ्याला गुडघा लावून बसून मी स्नायू मोजत होते.

"आणि टिकल्या?" मी विचारलं, पण तोवर मला कळलं होतं.

"सराव करायला," भावजय म्हणाली. "एका टिकलीकडं बघायचं म्हणजे शेजारची दिसती. कुठून बघितलं की चांगलं दिसतं, ते आमी दोघींनी शोधलं. डाव्या अंगाला, जरा वर. तुमी आलात की आत्याबाई म्हणायच्या, तू आक्काच्या खांद्यामागं उभी ऱ्हा. कायतरी बघायला पाहिजे, म्हणजे नजर ठरती, आन् मला तिचं तोंड दिसतं."

टिकल्यांची कल्पना डॉक्टरची नव्हती. ती बारावी झालेल्या, भाजीत मीठ जास्त घालणाऱ्या माझ्या भावजयीची होती. आणि मी त्या तीनदा नखानं खरवडल्या, तर तिनं चौथ्यांदा लावल्या.

मी मायला विचारलं, मला का नाही सांगितलं?

"काय सांगायचं? तू समद्यांपुढं म्हणलीस, मी करून आणले, आता ही सुई ओवती. पूर्णेत बी सांगून आली असशील." माय म्हणाली. "तुझं तोंड कामून खोटं पाडायचं? उजेड तर आलाच हाय."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण आम्ही पाचवीला शिकवतो. मी त्या दिवशी ती मनात म्हटली नाही, कारण म्हणून काही होणार नव्हतं. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि नाकही पुसलं.

आता इथं मी लिहायला पाहिजे की माझा मत्सर गेला. गेला नाही. खरं तर वाढला. आधी मला वाटायचं, भावजयीनं माझ्या मायची नजर पळवली. तसं असतं तर भांडता तरी आलं असतं. आता कळलं की त्या नजरेची वाट तिनं मायच्या हाताला धरून शोधून काढली आणि ती माझ्यापर्यंत आणून सोडली. सकाळी रिकामा तळहात बघून मायच्या तोंडून जी हाक निघाली, ती माझ्या नावाची नव्हती. मी पूर्णेला होते, हे कारण बरोबर आहे, पण त्यानं जळणं थांबत नाही. आणि ती काजळाची डबी अजून तिच्याच कपाटात आहे.

राहिलेले दोन दिवस मी टिकल्या लावण्यात घातले. भावजयीकडून नवं पाकीट घेतलं. मी लावायची आणि माय खाटेवरून सांगायची, "अजून वर. तिकडं न्हाई, माझ्या डाव्या अंगाला. तुला डावं-उजवं कळतं का, का नुसतंच शिकवतीस?" भावजय सैपाकघरात हसली. मी तिच्याकडं रागानं बघितलं, मग मीही हसले. भाजीत मीठ त्या दिवशीही जास्तच होतं, आणि ते मी सांगितलं.

निघायच्या दिवशी जीपवाला कोपऱ्यावर हॉर्न वाजवत होता. भावानं माझी पिशवी उचलली. मी पायऱ्या उतरून खाली उभी राहिले. माय भावजयीच्या खांद्यावर हात ठेवून दारात आली. मी खालून म्हटलं, "येते माय."

मायनं मान जरा इकडं तिकडं केली, माझ्या आवाजाचा अंदाज घेतल्यासारखी. मग तिनं डोळे माझ्यावर आणले. खांद्यावर नाही, खांद्यामागं नाही. सरळ माझ्या चष्म्यात, माझ्या बारीक डोळ्यांत. काजळ घालताना बघायची तसं, पापणी न हलवता. वर्षभर मी हीच नजर मागत होते. दर एक-दोन रविवारी गाडी धरून हिच्याचसाठी येत होते. आणि माय ती देत होती, आपणहून, सगळ्यांसमोर, जीप थांबवून.

तिच्यासमोर आता धुराचा गोळा होता. मी जिथं उभी होते, नेमकी तिथं. माझ्या समाधानासाठी तिनं मला पुसून टाकलं होतं.

मी दोन पायऱ्या वर गेले, भावजयीचा दंड धरला आणि तिला खाली ओढून आणलं. माझ्या उजव्या खांद्याशी उभी केली, अगदी खेटून.

"माय," मी म्हणाले, "हिच्याकडं बघ."